व्होडका: नुसतं स्पिरिट आणि पाणी, की त्यातही डावं-उजवं असतं?

सातारी_कंदी (धागालेखक)
नमस्कार मंडळी. गेल्या शनिवारी धाकटा मेहुणा ड्यूटी फ्रीमधून एक बाटली घेऊन आला. बाटली अशी की देवघरात ठेवावी. दुधी काच, त्यावर चंदेरी अक्षरं, बूच लाकडाचं. "दाजी, ही पाच वेळा डिस्टिल केलेली आहे" असं त्याने तीन वेळा सांगितलं. माझ्याकडे आपली नेहमीची देशी कंपनीची होती, साधारण पाचव्या हिश्श्याच्या किमतीची. दोन्ही फ्रीजरमधून काढून थंडगार प्यायलो. मला काडीचा फरक कळला नाही. मी तसं बोललो आणि मेहुणा जो रुसला तो अजून फोन उचलत नाहीये.

तर प्रश्न असे. व्होडका नेमकी कशापासून करतात? (मी आजवर बटाटा समजत होतो.) जिला रंग नाही, वास नाही, चव नाही, तिच्यात चांगली-वाईट ठरवायची कशावरून? आणि मेहुण्याची माफी मागावी लागेल का?

रम आणि व्हिस्कीवाल्यांनी धागा पळवू नये ही विनंती.

जुनाखोंड
पहिला परिच्छेद वाचला, रम ओतून घेतली. बाकीचं उद्या.

सांडगी_मिरची
झालं, पळवला!

कंदीसाहेब, बटाट्याचा गैरसमज जवळजवळ सगळ्यांचा असतो. बटाट्याची व्होडका असते, पोलंडमध्ये चांगली होते, पण जगातली बहुतेक व्होडका धान्याची असते. रशियात आणि पोलंडमध्ये राई आणि गहू. (राई म्हणजे आपली फोडणीची मोहरी नव्हे, गव्हाच्या कुळातलं धान्य.) स्वीडनमधल्या ऑहुस गावची ती प्रसिद्ध अ‍ॅब्सोल्यूट हिवाळी गव्हाची, फिनलंडची फिनलँडिया बार्लीची, टेक्ससची टिटोज मक्याची आणि फ्रान्सची सिरॉक चक्क द्राक्षांची. ज्यात साखर किंवा पिठूळपणा आहे अशा कशापासूनही करता येते.

यावरून युरोपात मोठी भांडणं झाली आहेत. पोलंड, फिनलंड, स्वीडन आणि बाल्टिक देश म्हणत होते की धान्य, बटाटा आणि बीटाची मळी सोडून दुसऱ्या कशाला व्होडका म्हणायचंच नाही. द्राक्षवाले अर्थात विरोधात. शेवटी २००७ साली तोडगा निघाला: नाव व्होडकाच राहील, पण धान्य-बटाट्याशिवाय दुसऱ्या कशाची असेल तर लेबलवर तसं छापायचं.

कोरडा_विनोद
माफी मागू नका. हा सगळा जाहिरातीचा खेळ आहे. अमेरिकेच्या कायद्यात व्होडकाची व्याख्याच मुळी "वेगळा गुणधर्म, वास, चव, रंग नसलेलं स्पिरिट" अशी होती. २०२० मध्ये ती काढली. म्हणजे तोवर सरकारच सांगत होतं की हिला चव नसते, आणि लोक चवीसाठी पाचपट पैसे मोजत होते. तुम्ही काचेचे पैसे दिलेत. म्हणजे मेहुण्याने दिले.

मळीकर
धागा आमच्या गल्लीतला निघाला म्हणून सविस्तर लिहितो. मी सांगली भागातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत अकरा वर्षं केमिस्ट होतो.

आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्होडकांचा जन्म उसाच्या मळीतून होतो. साखर काढून झाल्यावर उरते ती काळी, दाट मळी. तिच्यात पाणी आणि यीस्ट घालून फर्मेंटरमध्ये सोडायची. दीडेक दिवसात त्याचा आंबूस वॉश तयार होतो, त्यात मद्यार्क असतो जेमतेम आठ-दहा टक्के. तो कॉलममध्ये, म्हणजे डिस्टिलेशनच्या उंच मनोऱ्यात, वर चढवत नेला की ९५ टक्क्यांच्या आसपासचं रेक्टिफाइड स्पिरिट मिळतं. हे प्यायच्या लायकीचं नसतं, त्याला उग्र वास असतो. मग ते भरपूर पाण्यासोबत पुन्हा कॉलममधून फिरवायचं, म्हणजे नको ती द्रव्यं वर निघून जातात, फ्यूजल ऑइल (जड, उग्र वासाची अल्कोहोलं) मधल्या ट्रेमधून बाजूला काढायचं, आणि हाती येतं ते एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल, म्हणजे ईएनए. बाटली भरणारी कंपनी हेच ईएनए टँकरने नेते, त्यात पाणी घालून ४२.८ टक्क्यांवर आणते, गाळते, आणि लेबल लावते. ईएनए धान्याचंही असतं, हल्ली बऱ्याच बाटल्यांवर ते अभिमानाने छापलेलं असतं.

आता "पाच वेळा डिस्टिल" बद्दल. भांड्यात उकळून काढायची पद्धत असेल तर एकदा, दोनदा, तीनदा असं मोजता येतं. कॉलममध्ये एकावर एक ट्रे असतात. प्रत्येक ट्रेवर वाफ थंड होते, पुन्हा उकळते. आमच्या एका कॉलममध्ये पन्नासच्या वर ट्रे होते. मग मी काय लिहायचं लेबलवर, "पन्नास वेळा डिस्टिल"? त्या आकड्याला काही अर्थ नाही.

पण म्हणून सगळी स्पिरिट सारखी, हे कोरडा_विनोद यांचं म्हणणंही मला मान्य नाही. आमच्याकडे परमँगनेट टेस्ट असायची. परीक्षानळीत स्पिरिट घ्यायचं, ठरलेल्या तापमानाला पोटॅशियम परमँगनेटचे थेंब टाकायचे आणि घड्याळ लावून बसायचं. सुरुवातीला जांभळट गुलाबी रंग असतो. अशुद्धी असली की तो पाहता पाहता उतरतो, फिकट नारिंगी होतो. रेक्टिफाइड स्पिरिट काही मिनिटांत ढेपाळायचं. चांगलं ईएनए अर्धा तास तरी गुलाबी राहिलं पाहिजे असा आमचा नियम. एकदा रात्रपाळीत एका बॅचचा रंग उतरेचना, तेव्हा आमचे हेड केमिस्ट त्या नळीकडे लेकीच्या लग्नातल्या बापासारखे बघत बसले होते.

कोरडा_विनोद
@मळीकर, शब्द मागे घेतो. अर्धेच.

झणझणीत_वडा
मग आपल्याकडे "पहिल्या धारेची" म्हणून जे कौतुक आहे त्याचं काय? आमच्या गावात पहिल्या धारेची म्हणजे सर्वोत्तम. मुख्यमंत्र्यांच्या भाषणालाही लोक "पहिल्या धारेचं होतं" म्हणायचे.

मळीकर
@झणझणीत_वडा, पहिली धार सगळ्यात कडक असते, म्हणून कौतुक. पण तिच्यातच आधी उडणारी द्रव्यं येतात: अ‍ॅसिटाल्डिहाइड, एथिल अ‍ॅसिटेट वगैरे. नेलपॉलिशसारखा वास येतो तो त्यांचाच. शिकलेला भट्टीवाला ती धार बाजूला काढतो. मधली धार ती पिण्याची, शेवटची पुन्हा काढायची. मराठी भाषेने नेमकी टाकायची तीच डोक्यावर घेतली आहे.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. लोकांना वाटतं हातभट्टीत मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) आपोआप तयार होऊन माणसं मरतात. धान्याच्या किंवा मळीच्या वॉशमध्ये मिथेनॉल नगण्य असतं, फळांच्या पेक्टिनमधून थोडं जास्त येतं. मोठ्या दुर्घटना होतात त्या कारखान्यांतलं मिथेनॉल कोणीतरी मुद्दाम मिसळतं म्हणून. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती त्यानेच. आणि ते नाकाने ओळखता येत नाही.

साधी_राहणी
मराठी संकेतस्थळावर दारूचं असं उघड कौतुक बघून वाईट वाटलं. इथे शाळकरी मुलंही वाचत असतात. दारूने उद्ध्वस्त झालेलं एक घर मी फार जवळून बघितलंय.

सातारी_कंदी
@साधी_राहणी, भावना पोचल्या, आणि राग नाही. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं, तेवढं इथल्या सगळ्यांचं नक्की झालंय. काहींचं दोनदा झालंय.

वॉर्सात_कोल्हापूरकर
उशिरा आलो. सहा वर्षं वॉर्सात आहे, म्हणून पोलिश बाजू मांडतो.

इथे "पोल्स्का वुडका" हे नाव कायद्याने राखीव आहे. पोलंडमध्ये पिकलेलं धान्य (राई, गहू, बार्ली, ओट, किंवा ट्रिटिकेल म्हणजे गहू-राईचा संकर) नाहीतर पोलंडचाच बटाटा, आणि सगळी प्रक्रिया इथेच. माझ्या ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्याने मला पहिल्याच हिवाळ्यात घरी बोलावून तीन छोटे ग्लास पुढे ठेवले. राई, गहू, बटाटा. बर्फ नाही, सोडा नाही, फ्रीजरही नाही. म्हणाला, थंड केली की तुला थंडीच कळेल. आणि खरोखर फरक होता. राईची घशात उतरताना मिरपुडीसारखी चुरचुरली आणि मागे भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्याची चव राहिली. गव्हाची गुळगुळीत, शेवटी बडीशेपेचा पुसटसा भास. बटाट्याची जिभेवर जड, सायीसारखी. मी भारावून काहीही कल्पना करतोय असं मला तेव्हाही वाटलं होतं, म्हणून त्याला ग्लासांची जागा बदलायला सांगितली. बटाटा दोन्ही वेळा ओळखला, राई आणि गव्हात एकदा गंडलो.

कंदीसाहेब, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे. फ्रीजरमध्ये ठेवली की व्होडका दाट होते आणि वास दबतो. स्वस्त-महाग दोन्ही सारख्याच वाटणार. तुम्ही स्पर्धा लावलीत आणि परीक्षकाच्या डोळ्यांवर पट्टी बांधलीत.

अवांतर: इथे कोणाला कोल्हापूर सांगितलं तर एखाद्या घरातून "वळिवडे" असं उत्तर येतं. दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांची छावणी आपल्या वळिवड्याला होती, १९४३ ते ४८. एका सहकाऱ्याच्या आजी तिथे शाळेत होत्या. त्यांना अजून "चला" आणि "गरम पाणी" आठवतं. त्या घरात मला पहिला ग्लास फुकट असतो.

सांडगी_मिरची
@वॉर्सात_कोल्हापूरकर, किती सुंदर प्रतिसाद! वळिवड्यावर स्वतंत्र धागा काढा, प्लीज. आणि त्या गवताच्या काडीच्या व्होडकेबद्दल पण लिहा ना.

वॉर्सात_कोल्हापूरकर
झुब्रुव्का. बियाओव्येझाच्या जंगलातलं बायसन खातात ते गवत, त्याची एक काडी बाटलीत असते. पावसाआधी रचलेल्या गवताच्या गंजीत तोंड घातल्यासारखा वास. तो कुमारिन नावाच्या द्रव्याचा असतो, त्याच्यावर अमेरिकेत बंदी म्हणून तिकडे ती मूळ रूपात विकता येत नाही. इथे सफरचंदाच्या रसातून पितात. वाईट नाही. पण कंदीसाहेबांच्या व्याख्येत बसणार नाही, कारण हिला रंगही आहे, वासही आहे आणि चवही.

गणित_गुरुजी
जाता जाता, ४० टक्के हे प्रमाण मेंडेलिव्हने शोधलं हे कोणी सांगितलंच नाही अजून. आवर्तसारणीवाला मेंडेलिव्ह. त्याचा डॉक्टरेटचा प्रबंधच दारू आणि पाण्यावर होता.

व्होल्गाकाठचा_डॉक्टर
गुरुजी, प्रबंध खरा आहे, १८६५ चा, "अल्कोहोल आणि पाण्याच्या संयोगाविषयी". पण त्यात पिण्याचा विषयच नाही. रशियात ४० चा नियम १८४३ मध्ये आला. तेव्हा मेंडेलिव्ह नऊ वर्षांचा होता. कारण होतं अबकारी. आधीची "पोलुगार" म्हणजे अर्धी जळणारी दारू साधारण ३८ टक्क्यांची असायची. पेटवायची, निम्मी उरली की माल बरोबर. पुढे हिशेबाला सोपं म्हणून ४० चा पूर्णांक धरला. म्हणजे शास्त्रज्ञाने नाही, कारकुनाने ठरवलं.

मी व्होल्गोग्रादला एमबीबीएस केलं, सहा वर्षं. तिथे व्होडका "चाखत" नाहीत. ओततात, कोणीतरी दोन वाक्यं बोलतो, एका घोटात खाली, आणि लगेच खारवलेली काकडी किंवा काळा पाव. काही नसेल तर आपल्याच बाहीचा वास घ्यायचा. थट्टा नाही, खरंच. मेलेल्या माणसाच्या नावाने प्यायची तर ग्लास एकमेकांना लावायचे नाहीत. रिकामी बाटली टेबलावर ठेवायची नाही, खाली जमिनीवर. माझ्या घरमालकीणबाई पहिल्या दिवशी मी टेबलावर ठेवलेली रिकामी बाटली बघून अशा ओरडल्या की मला वाटलं भाडं वाढलं.

चकण्याचं मात्र त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. उपाशीपोटी कोणी पीत नाही.

भाषाभुंगा
व्होडका हा शब्द "वोदा" म्हणजे पाणी यावरून आला, त्याचं लाडकं रूप. आपलं संस्कृत "उदक" याच कुळातलं. म्हणजे रशियन माणूस सोमवारी "पाणुडं" मागतो आणि आपण...

कोरडा_विनोद
...आणि आपण महिन्याच्या शेवटी पगारावर उदक सोडतो.

झणझणीत_वडा
हसून हसून पुरेवाट!

फोंड्याची_फेणी
गोंयकार हजर. आमची फेणी या सगळ्याच्या बरोब्बर उलट. काजूच्या बोंडूंचा रस आंबवून भाटीत काढायचा. पहिल्या खेपेची उर्राक, पुढची फेणी. सगळा खटाटोप वास टिकवायचा. व्होडकावाले आयुष्यभर वास घालवत बसतात. ज्यांना वासाची लाज वाटते त्यांनी ती प्यावी. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा बापूस म्हणाला होता, "आता पुण्याचे लोक नाक दाबायचे थांबतील." थांबले नाहीत.

सांडगी_मिरची
वासावरून आठवलं. आमच्या ऑफिसात ठाम समजूत आहे की व्होडकाचा तोंडाला वास येत नाही, म्हणून ती प्यायची आणि वेलची खाऊन घरी जायचं. डॉक्टरसाहेब?

व्होल्गाकाठचा_डॉक्टर
व्हिस्कीच्या मानाने कमी येतो एवढंच. रक्तातला अल्कोहोल फुप्फुसांतून श्वासात येतो, त्याला वेलची काही करत नाही. नाकाबंदीतलं यंत्र अल्कोहोल मोजतं, ब्रँड नाही. बायका तर यंत्राविनाच ओळखतात.

आणि "व्होडकाने सकाळी डोकं धरत नाही" याबद्दलही. अमेरिकेत बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की) आणि व्होडकाची तुलना करणारा एक अभ्यास झाला होता. बर्बनमध्ये अल्कोहोलखेरीजची इतर द्रव्यं कितीतरी पट जास्त, त्यामुळे हँगओव्हर जास्त जाणवला. पण दुसऱ्या सकाळी लक्ष देण्याच्या आणि प्रतिसादाच्या चाचण्यांत दोन्ही गट सारखेच ढेपाळले. म्हणजे व्होडका घेतलेल्याला बरं वाटत असतं, बरा असतोच असं नाही. तसा माणूस सकाळी गाडी काढतो ते जास्त वाईट.

हॉस्टेल_नं_४
माझं योगदान. इंजिनिअरिंगला असताना नव्हे, नोकरीला लागल्यावर, फ्लॅटवर आम्ही चौघं राहायचो. फ्रीजरमध्ये माझी बाटली असायची. एकदा रविवारी काढली तर आत बर्फाचे सुंदर काटे तरंगताहेत. मला वाटलं, वा, काय दर्जेदार माल. मित्रांना अभिमानाने दाखवली. दोघं हसायला लागले, तिसरा संडासात जाऊन बसला.

मळीकर
@हॉस्टेल_नं_४, ४० टक्क्यांची व्होडका उणे २७ च्या आसपास गोठते. घरचा फ्रीजर फार तर उणे १८. तुमच्या बाटलीत बर्फ झाला म्हणजे संडासातल्या गृहस्थाने निम्मी पिऊन नळाचं पाणी भरलं होतं.

हॉस्टेल_नं_४
होय. आज तो एका बँकेत ऑडिटमध्ये आहे.

गणित_गुरुजी
मेंडेलिव्हवर हार मानली, पण एक गंमत राहू द्या. ५० मिली शुद्ध अल्कोहोल आणि ५० मिली पाणी मिसळलं की १०० मिली होत नाही, ९६-९७ च्या आसपास भरतं. रेणू एकमेकांत सामावतात. ऑडिटवाल्या मित्राला सांगा, पुढच्या वेळी कामाला येईल.

पेरूवाडी
एवढी चर्चा झाली आणि पेरूचा उल्लेख नाही? गुलाबी पेरूचा रस, ग्लासाच्या काठाला तिखट-मीठ, वर चिरलेली हिरवी मिरची, आणि व्होडका. शाळेबाहेरच्या गाडीवरचा पेरू आठवतो. यासाठी महागडी बाटली वापरणाऱ्याला दंड केला पाहिजे, मिरचीपुढे राई काय आणि बटाटा काय.

कोरडा_विनोद
+१. रस घालायचा असेल तर स्वस्तातली स्वच्छ धान्याची. नुसती प्यायची असेल तर विचार करा. धागा संपला.

वॉर्सात_कोल्हापूरकर
संपला नाही. पाणी राहिलं. स्पिरिट ९६ टक्क्यांचं निघतं आणि बाटलीत ४० चं जातं, म्हणजे तुम्ही जे विकत घेता त्यात निम्म्याहून जास्त पाणी आहे. कोळशाचंही राहिलं. लोविट्झ नावाच्या पीटर्सबर्गमधल्या रसायनतज्ज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस कोळशाने द्रव शुद्ध करता येतात हे दाखवलं, त्यानंतर बर्चच्या कोळशातून गाळायची पद्धत रूढ झाली. हल्ली हिऱ्यांतून, चांदीतून गाळल्याच्या जाहिराती करतात. कोळसा सच्छिद्र असतो म्हणून वास धरतो. हिरा काय धरणार, फार तर किंमत.

मळीकर
शिवाय "स्मूद" लागते म्हणून खूश होऊ नका. थोडी साखर घालायला कायदा परवानगी देतो. अमेरिकेत लिटरला दोन ग्रॅमपर्यंत. चाखताना निम्मं कोमट पाणी घालून हुंगा. जे लपलंय ते वर येतं. आम्ही नेहमी असंच करायचो, एक्साईजचा माणूस आणि त्याचं कुलूप शेजारी असताना.

सातारी_कंदी
मंडळी, प्रयोग केला. सविस्तर अहवाल.

मेहुण्याला मिसळीला बोलावलं, तेव्हा आला. चहाचे चार काचेचे ग्लास, खाली चिठ्ठ्या चिकटवलेल्या. एक माझी नेहमीची, एक देशी धान्याची, एक मेहुण्याची दुधी काचवाली, आणि शेजारच्या काकांनी दिलेली पोलिश बटाट्याची. फ्रीजर नाही. प्रत्येकात तेवढंच कोमट पाणी. ओतायला माझा चुलतभाऊ, आणि परीक्षक मी, मेहुणा आणि बायको. बायको पीत नाही, ती फक्त हुंगायला बसली, तेही "पाच मिनिटं, कुकर लावलाय" या अटीवर.

मी बटाट्याची बरोबर ओळखली (खरंच जड लागते) आणि बाकी तिन्हींत घोळ घातला. मेहुण्याने डोळे मिटून, मान हलवून, "हीच ती" म्हणत जो ग्लास उचलला तो देशी धान्याचा निघाला. त्याची स्वतःची त्याने तिसरी लावली आणि तिला "जरा कडवट" म्हणाला. बायकोने चारही ग्लास एकेकदा नाकाशी धरले आणि उठता उठता सांगितलं: "या ग्लासाला आपल्या काकवीच्या डब्याचा वास येतोय, आणि थोडा नेलपॉलिशचा. याला पिठाच्या गिरणीचा. हा उकडलेल्या बटाट्याच्या पाण्याचा. आणि याला कसलाच नाही." पहिला माझा मळीचा. दुसरा देशी धान्याचा. कसलाच नाही तो मेहुण्याचा.

म्हणजे पाच वेळा डिस्टिलवाल्यांनी काम चोख केलंय, फक्त आता त्यात हुंगण्यासारखं काही उरलेलं नाही. मेहुणा म्हणतो ग्लास बदलले गेले. चुलतभाऊ शपथ घेऊन नाही म्हणतो. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि सभा बरखास्त.

मळीकर
वहिनींना सांगा, आमच्या जुन्या लॅबमध्ये जागा आहे. नळी, परमँगनेट काही लागणार नाही.

साधी_राहणी
वहिनींचा भाग वाचून मलाही हसू आलं. बाकी मतं कायम.

जुनाखोंड
रम संपली. आता धागा वाचायला घेतो. बटाट्याची असते ना ही?